घोडामैदान जवळच आहे : पुण्याच्या रेसकोर्सवर पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

जुलै उजाडला की ऑफिसातले दोन-तीन जण हमखास येऊन हळूच विचारतात, "तू रेसला जातोस ना, एकदा ने की." हळूच अशासाठी की घरी कळलं तर जुगार म्हणतील. मग त्यांना घेऊन जायचं, चार तास तेच तेच समजावायचं, आणि निघताना ते म्हणणार "काही कळलं नाही पण मजा आली." पाच-सहा वेळा हे झाल्यावर ठरवलं की एकदा लिहूनच टाकू. मी काही एक्स्पर्ट नाही, बारा-तेरा सीझन पाहिलेत, त्यातले निम्मे मूर्खासारखे खेळून घालवलेत, त्यामुळे काय करू नये हे मला बऱ्यापैकी माहितीये.

आधी जागा. हडपसरकडे जाताना सोलापूर रोडला भैरोबा नाल्याच्या आसपास, एम्प्रेस गार्डनला लागून, कॅम्पात. सगळ्यांनी बाहेरून पाहिलेलंच असतं. एकतर सकाळी चालायला गेलेले असतात, नाहीतर एखाद्या सभेमुळे ट्रॅफिकमध्ये अडकलेले असतात (एप्रिल २०२४ ला पंतप्रधानांची प्रचारसभा इथेच झाली होती, त्या दिवशी पुलगेटपासून पुढे काय हालत होती ते विचारू नका). हे कोर्स १८३० चं आहे, म्हणजे मुंबईच्या महालक्ष्मीच्या किती तरी आधीचं, आणि जमीन लष्कराची. रेस चालवणारा क्लब मात्र दोन्हीकडे एकच, रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब. हिवाळ्यात मुंबई, पावसाळ्यात पुणे. मुंबईत तुफान पाऊस असतो तेव्हा घोडे घाट चढून इकडे येतात आणि साधारण जुलैच्या शेवटापासून ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत इथे पळतात. बहुतेक शनिवार-रविवार, पण तारखा आधी बघून घ्या, पावसाने एखादा दिवस पुढेही ढकलतात.

बसने यायचं तर स्वारगेटहून हडपसरकडे जाणारी कुठलीही धरा, भैरोबा नाल्याला उतरा आणि थोडं चाला. दुचाकी असेल तर लवकर या. गेटवर तिकीट काढायचं, एन्क्लोजरप्रमाणे, म्हणजे कुठल्या भागात बसायचं त्याप्रमाणे, दर वेगळा. पहिल्या वेळेला स्वस्तातल्या एन्क्लोजरमध्येच जा, हे मनापासून सांगतो. तिथे खरी माणसं भेटतात. भारीतल्या स्टँडमध्ये लोक एकमेकांचे गॉगल बघतात, इकडे घोडे बघतात.

पहिल्या दिवशी पैसे लावायचेच नाहीत

हे कोणीच ऐकत नाही, तरी सांगतो. पहिल्या दिवशी खिशात चहा-वडापावपुरते पैसे ठेवा, एक वही आणि पेन घ्या, आणि फक्त कागदावर खेळा. सात-आठ रेस असतात, साधारण अर्ध्या तासाला एक. प्रत्येक रेसच्या आधी वहीत लिहा, कुठला घोडा, का, आणि भाव काय होता, म्हणजे जिंकला तर किती मिळणार होते. संध्याकाळी हिशोब करा. मी माझ्या पहिल्या कागदी दिवसाला साडेआठशे रुपये हरलो होतो, एकही रुपया न लावता. फार समाधान वाटलं.

दारातच पुस्तक विकणारे बसलेले असतात, ते घ्या. जुने लोक सरसकट त्याला 'कोल' म्हणतात, कुठल्याही कंपनीचं असलं तरी, जसं सगळ्या वनस्पती तुपाला डालडा म्हणतात तसं. पहिल्यांदा उघडलं की पंचांग उघडल्यासारखं वाटतं, बारीक अक्षर, आकडेच आकडे, नुसते शॉर्ट फॉर्म. घाबरू नका, सगळं वाचायचं नसतंच.

यातल्या तीन गोष्टी आधी शिका. एक, क्लास आणि रेटिंग. प्रत्येक घोड्याला हॅंडिकॅपर, म्हणजे वजनं ठरवणारा क्लबचा माणूस, एक रेटिंग देतो, जिंकला की वाढवतो, सारखा हरला की उतरवतो. त्या रेटिंगप्रमाणे क्लास पडतात, म्हणजे क्लास फोर म्हटलं की २० ते ४६ रेटिंगचे घोडे. आता ४६ वाला आणि २० वाला एकत्र पळाले तर काय मजा, म्हणून चांगल्या घोड्याच्या पाठीवर जास्त वजन देतात, एका पॉइंटला अर्धा किलो. म्हणजे २६ पॉइंटचा फरक असेल तर तेरा किलो. तांदळाची अर्धी गोणी पाठीवर जास्त घेऊन पळायचंय असं समजा. हॅंडिकॅपरचं काम असं की कागदावर सगळे घोडे एकाच वेळी पोचले पाहिजेत, आणि तुमचं काम त्याची चूक शोधायचं. बास, एवढाच हा खेळ आहे.

दोन, अंतर. १००० मीटरला जिंकणारा घोडा १६०० ला जिंकेलच असं नाही, उलट बऱ्याचदा शेवटच्या दोनशे मीटरला त्याचं पेट्रोल संपतं. मागच्या रेसमध्ये १२०० ला शेवटी शेवटी जोरात येत चौथा आलेला घोडा आज १४०० ला असेल तर पेनाने गोल करा. हे मला एका काकांनी शिकवलं, फातिमानगरचे, रिटायर्ड, नाव सांगणार नाही कारण त्यांच्या घरी अजून वाटतं की ते रविवारी भजनाला जातात.

तीन, घोड्याला आज काही नवीन आहे का. नवा जॉकी, पहिल्यांदाच झापडं, म्हणजे ब्लिंकर्स, किंवा चार-पाच महिन्यांची सुट्टी. झापडं लावली की काही घोडे इकडेतिकडे बघायचे थांबतात आणि एकदम वेगळेच पळतात. काही घाबरतात. पण बदल आहे हे माहिती असायला हवं.

सकाळचे आकडे

रेसच्या आधीच्या दिवसांत सकाळी घोडे ट्रॅकवर पळवतात आणि त्याची वेळ छापून येते. लिहिलेलं असतं ६००/३८, म्हणजे सहाशे मीटर अडतीस सेकंदात. पुढे एखादा शब्द असतो, इझी (सहज), प्रेस्ड (जोर लावून), मूव्ह्ड फ्रीली (मोकळेपणाने). नवखा माणूस आकडा बघतो, जुना माणूस शब्द बघतो. ६००/३७ पण जॉकीने ढकलून ढकलून काढलेत, आणि दुसरा ६००/३९ पण लगाम ओढून धरलेला असताना, यातला दुसरा मला जास्त आवडतो. शिवाय सकाळी पाठीवर कोण होतं त्यावरही फरक पडतो, जॉकी की सकाळी सराव देणारा, वजनाने जड रायडिंग बॉय, ते छापलं असेल तर बघा.

पावसाचं विसरू नका. ट्रॅक किती ओला आहे त्याचं पेनिट्रोमीटर रीडिंग देतात, आकडा जेवढा जास्त तेवढी जमीन नरम. पुण्यात सकाळी कडक ऊन आणि दुपारी दोनला धो धो असं होतं, मग सगळा अभ्यास पाण्यात, अक्षरशः. काही घोड्यांना चिखल झेपतो, काहींना अजिबात नाही, आणि हे त्यांच्या जुन्या पावसाळी रेस बघूनच कळतं.

पॅडॉक, इथे वेळ काढा

मला विचाराल तर सगळ्या रेसकोर्सवर ही एकच जागा पैसे वसूल करून देणारी आहे. रेसच्या आधी घोडे गोल गोल फिरवतात. सईस, म्हणजे घोड्याची देखभाल करणारा माणूस, लगाम धरून चालतो, मालक-ट्रेनर मधे हिरवळीवर उभे असतात, मग घंटा वाजते आणि जॉकी वर चढतात. पहिल्या दहा मिनिटांत नवख्याला सगळे घोडे सारखेच दिसतात. पाचव्या-सहाव्या रेसला फरक दिसायला लागतो, नक्की.

काय बघायचं? चालताना मागचा पाय पुढच्या पायाच्या ठशाच्याही पुढे पडतोय का. पुठ्ठा, म्हणजे मागचा भाग, भरलेला, अंगावर चमक, डोकं खाली सैल, कान हलतायत, म्हणजे घोडा मजेत आहे. मागच्या पायांच्या मधे साबणासारखा पांढरा फेस, मानेवर घाम, सईसला ओढत चाललाय, म्हणजे रेस सुरू व्हायच्या आधीच निम्मी ताकद इथे खर्च. मागे एकदा सात नंबरचा फेव्हरिट अशा अवस्थेत होता, सईस बिचारा त्याच्या मानेवरून हात फिरवत काहीतरी पुटपुटत होता, दोनदा तो मागच्या पायांवर उभा राहिला, आणि बुकी बसतात त्या रिंगमध्ये मात्र त्याचा भाव तुटतच, म्हणजे कमी होतच, चालला होता कारण बुकींच्या पाट्यांसमोर उभ्या असलेल्या लोकांनी घोडा पाहिलाच नव्हता. मी उलट्या बाजूने खेळलो. शेवटून दुसरा आला तो. आणि खरं सांगायचं तर पुढच्याच महिन्यात असाच घाम गाळणारा एक घोडा चार लेंग्थने, म्हणजे चार घोड्यांच्या लांबीने, जिंकला, आणि माझे तीनशे गेले. काका म्हणाले, "काही घोडे रोजच घाम गाळतात रे, त्यांचा स्वभाव असतो, तू त्याला आधी पाहिलं होतंस का?" नव्हतं पाहिलं. म्हणून वही.

पैसे लावायचे ते कुठे आणि कसे

दोन रस्ते आहेत, टोट आणि बुकी. टोट म्हणजे क्लबची खिडकी. सगळ्यांचे पैसे एका पूलमध्ये जातात, क्लब आणि सरकार आपापलं काढून घेतात, उरलेलं जिंकणाऱ्यांत वाटतात. म्हणजे तिकीट काढताना किती मिळणार हे पक्कं नसतं, रेस सुटेपर्यंत हलत राहतं. निकालाला डिव्हिडंड लावतात तो साधारण दहा रुपयांवर असतो, ३४ लावला तर दहाला चौतीस परत, तुमचे दहा त्यातच धरून. बुकी म्हणजे रिंगमधले लायसन्सवाले, पाटीवर भाव लावून बसलेले. तिथे ज्या भावाला घेतलं तो भाव पक्का. २/१ म्हणजे शंभराला दोनशे नफा, ५०/१०० म्हणजे शंभराला पन्नासच. शेवटच्या पाच मिनिटांत भाव हलतात ते बघण्यासारखं असतं, एकदम कुठून तरी माणसं येतात, पाटी पुसली जाते, भाव तुटला तुटला म्हणून कुजबुज, आणि सगळे त्याच्यामागे. त्यात नवख्याने पडू नये. भाव तुटून झाल्यावर तो घोडा घेणं म्हणजे वरातीमागून घोडं.

टोटवरचे प्रकार भरपूर आहेत. विन म्हणजे पहिला आलाच पाहिजे. प्लेस म्हणजे पहिल्या दोनात किंवा तिनात, किती घोडे पळतायत त्यावर ठरतं. एसएचपी म्हणजे बरोब्बर दुसरा यायला हवा, पहिला आला तरी गेले पैसे, आणि यावर नवखे हमखास चिडतात. फोरकास्ट पहिला-दुसरा क्रमाने, क्विनेला म्हणजे तेच पण क्रम कुठलाही, टानाला पहिले तीन क्रमाने. मग ट्रेबल आणि जॅकपॉट, लागोपाठच्या रेसमधले विजेते ओळखायचे. पहिला सीझन फक्त विन आणि प्लेस, बाकीच्याकडे बघूही नका.

पण तुम्ही जॅकपॉटकडे बघणारच, म्हणून हिशोब सांगून ठेवतो. पाच रेसचा जॅकपॉट आहे, पहिल्यात दोन घोडे घेतले, दुसऱ्यात एक, तिसऱ्यात तीन, चौथ्यात दोन, पाचव्यात एक. दोन गुणिले एक गुणिले तीन गुणिले दोन गुणिले एक, बारा कॉम्बिनेशन. युनिट समजा दहाचं असेल तर १२० रुपये. इथपर्यंत ठीक. आता मन म्हणतं प्रत्येकात एकेक घोडा अजून घेऊ, सेफ होईल. तीन गुणिले दोन गुणिले चार गुणिले तीन गुणिले दोन, १४४ कॉम्बिनेशन, १४४० रुपये. एकेकच घोडा वाढवला होता ना? असं घोडं अडतं.

खिडकीवर बोलायचा क्रम आधी पाठ करून जा, रेस नंबर, प्रकार, घोड्याचा नंबर, रक्कम. घोड्याचं नाव सांगत बसलात तर मागची रांग तुम्हाला खाईल. तिकीट हातात आलं की तिथेच उभं राहून वाचा, नंतर चूक दाखवून उपयोग नसतो.

आणि तिकीट फेकू नका! माझी फजिती सांगतो. तिसऱ्या सीझनला माझा घोडा शॉर्ट हेडने दुसरा आला, म्हणजे डोक्याहूनही कमी अंतराने. विनचं तिकीट होतं, चांगल्या भावाचं. रागात चार तुकडे करून उडवले. दोन मिनिटांत स्पीकरवर ऑब्जेक्शन. पहिला आलेला घोडा शेवटच्या शंभर मीटरला तिरका येऊन माझ्या घोड्याला आडवा गेला होता, स्टुअर्ड्सनी, म्हणजे रेसच्या पंचांनी, फिल्म पाहिली आणि निकाल फिरवला. मग मी आणि काका, ओल्या गवतावर वाकून, शेकडो पांढऱ्या चिठ्ठ्यांमधून माझे चार तुकडे शोधतोय. तीन सापडले. चौथ्यावर नंबर होता. काका आजही रेस संपली की माझ्याकडे बघून म्हणतात, "फाडलंस का?" तर जॉकींची वजनं होऊन निकाल पक्का जाहीर होईपर्यंत तिकीट खिशात.

टॅक्स, म्हणजे इथून राजकारण सुरू

तुम्हाला वाटेल रेसमध्ये राजकारण कुठून आलं. अहो सगळं तिथूनच येतं. दोन रेसच्या मधल्या वेळात चहाच्या इथे उभे राहा, घोड्यांवर दोन वाक्यं आणि सरकारवर वीस. कारण साधं आहे, तुमच्या तिकिटाचं काय होणार हे दिल्लीत ठरतं. २०१७ ला जीएसटी आला तेव्हा पैजेच्या पूर्ण रकमेवर २८ टक्के लावला, क्लबच्या कमिशनवर नाही तर पूर्ण पैजेवर. बेंगळुरूच्या क्लबने कोर्टात भांडून २०२१ ला कर्नाटक हायकोर्टातून कमिशनपुरता निकाल मिळवला, मग २०२३ ला सरकारने कायद्यातच बदल करून पूर्ण रकमेचं पक्कं केलं. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून तो दर ४० टक्के झाला. लॉटरी, कॅसिनो आणि घोडे, सगळे एकाच गोणीत.

रेसवाल्यांचा राग इथेच आहे, कारण सुप्रीम कोर्टाने १९९६ ला तामिळनाडूच्या केसमध्ये स्पष्ट म्हटलंय की घोड्यांची रेस हा कौशल्याचा खेळ आहे, निव्वळ नशिबाचा नाही. मग लॉटरीच्या बाजूला का बसवता, हा प्रश्न तुम्हाला प्रत्येक चहावर ऐकू येईल. माझं मत विचाराल तर दोन्ही बाजूंत थोडं थोडं खरं आहे. कौशल्य आहेच, पण स्टँडमधल्या दहातल्या आठ जणांना ते वापरायचं नसतं. ते काही असो, शंभराच्या पैजेवर चाळीस कर म्हटल्यावर किती चांगलं खेळलं तरी वर्षाअखेर नफा काढणं जवळपास अशक्य, हे डोक्यात ठेवूनच आत या. तिकिटात तो कर आधीच धरलाय की वर द्यायचाय ते खिडकीवर विचारून घ्या.

इन्कम टॅक्स वेगळाच. एका व्यवहारात दहा हजारांच्या वर जिंकलात तर ३० टक्के कापून हातात देतात. आणि वर्षभर हरलेले पैसे त्यातून वजा करता येत नाहीत. सीएला विचारू नका, हसेल.

कर वाढला की काय होतं तर लोक बाहेर फोनवरच्या बुकीकडे जातात, ना कर ना पावती. त्याच्या नादी लागू नका. आपल्याकडे १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आहे आणि त्यात लायसन्सवाल्या रेसकोर्सच्या आत लावलेल्या पैजेला सूट आहे, बाहेर नाही. म्हणजे तोच घोडा, तेच शंभर रुपये, कुंपणाच्या आत खेळ आणि बाहेर गुन्हा. शिवाय फोनवाला जिंकलेले पैसे देईलच असं नाही, आणि तक्रार कोणाकडे करणार? ॲपच्या लिंकही येतात, 'घोडे लावा घरबसल्या' वगैरे. ऑगस्ट २०२५ मध्ये पैशाच्या ऑनलाइन गेमवर बंदीचा कायदा आलाय, त्यामुळे असल्या लिंकला हात लावू नका.

दुसरा मोठा विषय जमीन. महालक्ष्मीचं ९९ वर्षांचं लीज २०१३ ला संपलं आणि तेव्हापासून तिथे थीम पार्क की गार्डन की बिल्डर, यावर प्रत्येक पक्षाने एकदा तरी भाषण ठोकलंय. शेवटी २०२४ ला ठरलं की २११ एकरांपैकी साधारण १२० एकर सेंट्रल पार्कसाठी द्यायचे आणि ९१ क्लबकडे ठेवायचे. क्लबच्या मेंबरांत यावर मतदान झालं, तेव्हा आदित्य ठाकरेंनी विरोध केला, शिंदे सरकारने पुढे रेटलं, आणि इकडे पुण्याच्या स्टँडमध्ये दर रविवारी त्यावर वादावादी. त्याच वर्षी सप्टेंबरात चेन्नईला गिंडीच्या कोर्सला तामिळनाडू सरकारने लीज रद्द करून कुलूप लावलं. त्यामुळे इथले जुने लोक म्हणतात, आपली जमीन लष्कराची आहे म्हणून वाचलोय, नगरसेवकाची नजर पडायची सोय नाही. बरोबर की चूक मला माहीत नाही, पण म्हणतात.

नवख्याने या गप्पांत कसं वागायचं? ऐकायचं. पक्ष विचारला तर घोड्याचा नंबर सांगायचा. इथे आमदारांबद्दल अगदी घोड्यांसारखंच बोलतात, याचा बाप कोण, आधी कुठल्या तबेल्यात होता, आता कोणाचे रंग घालून पळतोय, चिखलात टिकतो का. दोन शिवसेना आणि दोन राष्ट्रवादी झाल्यापासून तर रेसकार्ड, म्हणजे कोण कुठे पळतंय त्याची यादी, लागतं. मागे एकजण फार सुंदर बोलला होता, की घोडेबाजार हा शब्द मी टीव्हीवरच ऐकतो, इतकी वर्षं रेसकोर्सवर येतोय इथे कधी कोणाच्या तोंडी आला नाही. पण एक लक्षात ठेवा, जो माणूस छातीठोकपणे पुढचा मुख्यमंत्री सांगतो तोच छातीठोकपणे चौथ्या रेसचा घोडाही सांगणार आहे. दोन्हीचा स्रोत एकच, 'आतली बातमी'.

टिप

टिप फुकट मिळते आणि महाग पडते. ट्रेनरच्या ड्रायव्हरकडून, सईसच्या मेव्हण्याकडून, काय काय सांगतात लोक. सईस खरंच घोड्याला सगळ्यात जास्त ओळखतो, पण तो त्याच्या घोड्याला ओळखतो, बाकीच्या नऊ घोड्यांना नाही, आणि आपलं पोर पहिलं येणार असं कुठल्या आईला वाटत नाही? दुसरं, घोडा हरला की स्टँडमधून ओरडा येतो "ओढला! ओढला!" म्हणजे जॉकीने मुद्दाम लगाम खेचला. कधीतरी असं होत असेलही, त्यासाठी स्टुअर्ड्स आहेत, दंड करतात, सस्पेंड करतात. पण मी माझ्या वहीत लिहून ठेवलेल्या 'ओढलेल्या' घोड्यांपैकी बहुतेक पुढच्या वेळीही हरलेच. घोडाच तेवढा होता.

कुठली रेस बघायला जायचं

एकच दिवस जायचं असेल तर पुणे डर्बीला जा, २००० मीटर, तीन वर्षांच्या घोड्यांची. हिची गंमत अशी की आपल्याकडे सगळ्या रेसच्या घोड्यांचा वाढदिवस १ जानेवारीला धरतात, आणि फेब्रुवारीत महालक्ष्मीला इंडियन डर्बी होते ती चार वर्षांच्या घोड्यांची, २४०० मीटर. म्हणजे पुण्यात पावसाळ्यात पळणारी ही पोरं तीच, जी जानेवारी उलटल्यावर चार वर्षांची होऊन मुंबईला मोठी परीक्षा देणार. इंडियन डर्बी १९४३ पासून चालू आहे. पेसी श्रॉफ जॉकी म्हणून ती आठ वेळा जिंकले आणि नंतर ट्रेनर झाले, त्यांचं नाव कार्डवर ट्रेनरच्या रकान्यात दिसलं की भाव आपोआप तुटतो. जॉकींमध्ये ए. संदेश, सूरज नर्रेडू, पी. ट्रेवर ही नावं ऐकू येतील. नावाला भुलून खेळू नका, पण जवळच्या फिनिशमध्ये चांगला जॉकी काय करतो ते एकदा दुर्बिणीतून बघाच.

ब्रीडिंगच्या रकान्यात पूनावाला दिसेल, पुण्यात हे नाव लशीमुळे माहितीये पण आधी घोडे, मग लस. स्टड फार्म, म्हणजे घोड्यांची पैदास करायची जागा, १९४६ चं. रिटायर झालेले घोडे सीरम बनवायला मुंबईच्या हाफकिन इन्स्टिट्यूटला जायचे, त्यावरून सायरस पूनावालांना वाटलं की हे आपणच का करू नये, आणि १९६६ ला हडपसरला सीरम इन्स्टिट्यूट सुरू झाली. ट्रॅकपासून गाडीने फार लांब नाही. पुढच्या वेळी कोणी रेसला नावं ठेवली की त्याच्या दंडाकडे बोट दाखवा.

खिशाचं

घरून ठरवून निघा, आज एवढेच. माझा आकडा पाचशे आहे, बँकेचं कार्ड घरी ठेवतो. आठ रेस असतील तर सगळ्या खेळायच्या नाहीत, तीन निवडायच्या. बाकीच्या बघायच्या. हरलेले भरून काढायला शेवटच्या रेसला डबल लावणं ही या खेळातली सगळ्यात जुनी चूक आहे आणि मी ती चार वेगवेगळ्या वर्षी केलीये, प्रत्येक वेळी वाटलं यावेळी कारण वेगळं आहे. उधार मागून खेळणाऱ्याच्या शेजारी बसू नका, दोन रेसनंतर तुमच्याकडेच मागेल. आणि रेस नसलेल्या दिवशी, स्क्रीनवर हैदराबाद-बेंगळुरूच्या रेस लागतात तेव्हा खेळायची हुक्की येत असेल, तर एक महिना येऊच नका. तिथे ना पॅडॉक, ना घोड्याचा घाम, नुसता आकडा. हीच वेळ काळजीची असते.

लहान पोरांना बघायला न्यायला माझी हरकत नाही, घोडे त्यांना आपल्यापेक्षा जास्त आवडतात, पण खिडकीच्या रांगेत त्यांना उभं करू नका आणि त्यांच्या लकी नंबरवर तर अजिबात खेळू नका. माझ्या भाचीने तीन म्हटलं, मी हसून सोडून दिलं, तीन नंबर आला. अजून बोलून दाखवते.

शेवटची रेस सुटली की सगळे एकदम बाहेर पडतात आणि भैरोबा नाल्याचा सिग्नल तीन-तीनदा लागतो. म्हणून एकतर शेवटच्या आधीच्या रेसला निघा, नाहीतर पॅडॉककडे अर्धा तास रेंगाळा. त्या वेळी तिथे कोणी नसतं. पळून आलेले घोडे अंगावर पाणी घेत उभे असतात, नाकपुड्या मोठ्या, बरगड्या वरखाली, पाठीवरून वाफ निघतीये, आणि सईस काहीतरी बोलत त्यांचे पाय चोळत असतो. वहीत त्या दिवसाचं शेवटचं पान इथे लिहा, कोण किती दमलंय ते. पंधरा दिवसांनी तो घोडा परत कार्डवर दिसेल.